सूट कशातून, सूट कुणाला

मागच्या पावसाळ्यात मी ऑफिसात एक ओळ लिहिली. गाडी सरकारी असेल तर पुढची तपासणी सोडून द्या, एवढाच तिचा अर्थ होता.

मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. वाहतूकदारांच्या गाड्या, फेऱ्या, ड्रायव्हर, कागदपत्रं यांचा हिशेब ठेवणारी प्रणाली आम्ही बनवतो. तिच्यातला धोकादायक मालाचा भाग माझ्याकडे आहे. ॲसिडचा टँकर, गॅसची सिलिंडरं, साखर कारखान्यातून निघणारं स्पिरिट असा माल असला की फेरी नोंदवण्याआधी प्रणाली चार गोष्टी विचारते. ड्रायव्हरकडे प्रशिक्षणाचा दाखला आहे का? गाडीवर मालाच्या वर्गाचं चिन्ह आहे का? मालाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक कोणता? आणि अपघात झाला तर काय करायचं, याचा कागद केबिनमध्ये आहे का? उत्तरं भरल्याशिवाय फेरी सुरू होत नाही.

आमच्या एका ग्राहकाकडे खासगी गाड्यांबरोबर काही सरकारी गाड्यांच्या नोंदीही असतात. त्यांची तक्रार आली की सरकारी फेऱ्या अडकून पडतात, कारण ही माहिती कुणी भरतच नाही. मीटिंगमध्ये त्यांचा माणूस म्हणाला, "सर, सरकारी गाडी आहे. तिला कोण अडवतंय?" सगळे हसले, मीही हसलो. दहा मिनिटांत ती ओळ लिहिली, चाचण्या हिरव्या झाल्या, काम संपलं.

संध्याकाळी बसमध्ये लक्षात आलं की हे वाक्य मी आधी ऐकलंय. तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो आणि सरकारी गाडीतच बसलेलो होतो.

मी वसमतचा. वडील सरकारी नोकरीत व्रणोपचारक होते. पुण्यात हा शब्द कुणाला माहीत नसतो. ढोरांच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखाली जखमा धुणारा, मलमपट्टी करणारा, जनावर धरून ठेवणारा आणि बाकी पडेल ते करणारा माणूस म्हणजे व्रणोपचारक. ते कुठल्या कार्यालयात होते ते सांगत नाही, कारण मुद्दा त्या एका कार्यालयाचा नाही. 'पडेल ते'मध्ये नायट्रोजनचे जार आणणंही होतं. गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी लागणाऱ्या रेतमात्रा उणे १९६ अंश सेल्सियसच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवून ठेवाव्या लागतात. तो द्रव सतत उडत राहतो, म्हणून जार पुन्हा पुन्हा भरून आणावे लागतात. झाकण मुद्दाम सैल ठेवलेलं असतं. घट्ट बसवलं तर आतला दाब वाढून जार फुटू शकतो.

२००९चा जानेवारी. मी सहावीत होतो आणि हिंगोलीला आत्याकडे गेलो होतो. पप्पा जार घेऊन परत निघाले होते, म्हणून मला त्याच जीपमध्ये बसवलं. मागे तीन जार, सुतळीनं एकमेकांना बांधलेले, आणि शेजारी मी. थंडी होती म्हणून काचा लावलेल्या. निघताना कुणीतरी म्हणालं, "पोरगं मागं बसलंय, चालेल ना?" ड्रायव्हर काका म्हणाले, "सरकारी गाडीला कोण अडवतंय?"

औंढा ओलांडल्यावर जीप एका खड्ड्यात आदळली आणि एक जार आडवा झाला. पांढरं धुकं पसरलं. मला मजा वाटली. पप्पांनी पुढच्या सीटवरून वळून, वाकून जार उभा केला आणि हात झटकला. गाडी थांबली नाही, "आलंच की आता" म्हणून. मला झोप यायला लागली. त्यानंतरचं आठवतं ते एवढंच की मी रस्त्याच्या कडेला, वाळत आलेल्या हळदीच्या वावराजवळ मातीत बसलोय आणि पप्पा माझ्या गालावर चापट्या मारतायत. ड्रायव्हर काकांना सारख्या जांभया आल्या, एक वळण चुकलं, तेव्हा घाबरून त्यांनी गाडी उभी केली होती.

पप्पांच्या उजव्या हाताची तीन बोटं पोळल्यासारखी झाली होती. घरी आईला सांगितलं, सायलेन्सरला हात लागला. जीपच्या लॉगबुकात त्या दिवसाचे किलोमीटर लिहिले गेले आणि प्रयोजनाच्या रकान्यात 'शासकीय कामानिमित्त'. पुढच्या खेपेला तीच जीप, तेच जार, तीच सुतळी.

त्या दिवशी काय झालं ते मला इंजिनिअरिंगला गेल्यावर कळलं. एक लिटर द्रव नायट्रोजनचा साधारण ७०० लिटर वायू होतो. जीपच्या आत चार हजार लिटर हवा धरली आणि दोन लिटर सांडलं, तर १,४०० लिटर नायट्रोजन आत येतो आणि तेवढी हवा फटींतून बाहेर ढकलली जाते. ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १५च्या आसपास उतरतो. १९.५च्या खाली हवा धोक्याची मानतात. यातला वाईट भाग असा की शरीराला पत्ता लागत नाही. गुदमरल्याची भावना प्रामुख्यानं कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे येते, आणि तो तर श्वासावाटे बाहेर जात असतोच. वास नाही, खोकला नाही. फक्त झोप येते.

ती ओळ लिहिल्यानंतरच्या शनिवारी मी कायदा उघडून बसलो. मी वकील नाही. पण कायद्याची कलमं आणि प्रोग्राममधल्या अटी वाचायची सवय फार वेगळी नसते. 'जर', 'तर' आणि 'परंतु' शोधायचे असतात.

मोटार वाहन अधिनियम, १९८८च्या कलम ६६(३)मध्ये एक 'परंतु' सापडला. केंद्र किंवा राज्य सरकारच्या मालकीचं वाहतूक वाहन व्यापाराशी संबंध नसलेल्या सरकारी कामासाठी वापरलं, तर त्याला परवाना लागत नाही. कलम १४६मध्ये विम्याबाबतही अशी सूट आहे. म्हणजे ड्रायव्हर काका अगदीच चुकीचं बोलत नव्हते. पण धोकादायक मालाचे नियम वेगळे आहेत. ते केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९मध्ये १२९ ते १३७ या क्रमांकांवर आहेत, आणि तिथे सरकारी गाडीसाठी असा दरवाजा मला दिसला नाही. ते नियम मालवाहू वाहनाबद्दल बोलतात. जीप मालवाहू कशी? तर कायद्याच्या व्याख्येत मालासाठी बांधलेलं वाहन येतंच, शिवाय मालासाठी न बांधलेलं पण माल नेण्यासाठी वापरलेलं वाहनही येतं. तीन जार घेऊन निघालेली जीप त्या व्याख्येत बसते. नियम १३६ तर सांगतो की अशा मालाचा अपघात झाला तर ड्रायव्हरनं ताबडतोब जवळच्या पोलीस ठाण्यात कळवावं आणि मालकालाही कळवावं.

म्हणजे कायद्यानं आम्हाला सूट दिलीच नव्हती. परवान्याची सूट होती, तिच्यावरून आम्ही सगळ्यांनी मिळून बाकीची सूट गृहीत धरली. मी लिहिलेली ओळ तेच करत होती.

अमेरिकेत हे गृहीत धरावं लागत नाही, तिथे ते लिहूनच ठेवलंय. त्यांच्या संघीय नियमसंहितेच्या ४९व्या विभागात, १७१.१ या कलमात, धोकादायक मालाचे नियम कुणाला लागू नाहीत याची यादी आहे. संघराज्य, राज्य किंवा स्थानिक सरकारचा कर्मचारी केवळ सरकारी, बिगरव्यापारी कामासाठी गाडी चालवत असेल तर त्या वाहतुकीला ते नियम लागू होत नाहीत. तेच पिंप त्याच रस्त्यानं कंत्राटदाराचा ड्रायव्हर नेत असेल तर होतात.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा राग आला. मग वाटलं, दुसरी बाजूही पाहावी. सरकारनं सरकारकडूनच परवाना मागायचा, सरकारलाच फी भरायची आणि चुकलं तर सरकारनंच सरकारला दंड करायचा, यात पैसा एका खिशातून दुसऱ्या खिशात जाण्यापलीकडे काय होतं? शिवाय आग लागलेली असताना बंबाच्या ड्रायव्हरनं फॉर्म भरत बसावं का? सूट मूर्खपणाची नसते. तिच्यामागे बहुतेकदा चांगलं कारण असतं. प्रश्न एवढाच की ते कारण कुठपर्यंत पोचतं.

मला वाटतं, 'नियम' या एका शब्दात आपण तीन वेगळ्या गोष्टी कोंबतो. पहिला प्रकार परवानगीचा: परवाना, फी, विमा. हे सरकार आणि नागरिक यांच्यातल्या व्यवहाराचे नियम आहेत, आणि दोन्ही बाजूंना सरकारच असेल तर त्यांतले काही निरर्थक होतात. दुसरा प्रकार पदार्थाचा: चिन्ह, काचा उघड्या ठेवणं, जार नीट बांधणं, ड्रायव्हरला शिकवणं. हे माणूस आणि नायट्रोजन यांच्यातले नियम आहेत. सरकार त्यांचा लेखक आहे, पण मालक नाही. तिसरा प्रकार सांगण्याचा: अपघात झाला तर कळवा, चौकशी होऊ द्या. पहिल्यातून सूट देता येते. दुसऱ्यातून सूट देणं म्हणजे नायट्रोजनच्या वतीनं वचन देणं, आणि तो अधिकार कुठल्याच सरकारकडे नाही.

१४ एप्रिल म्हटलं की वसमतला मला एकच गोष्ट माहीत होती, बाबासाहेबांच्या जयंतीची मिरवणूक. हाच दिवस अग्निशमन दलाचा स्मृतिदिन आहे, हे पुण्यात आल्यावर कळलं. १४ एप्रिल १९४४ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' हे जहाज उभं होतं. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं आणि कराचीत चढवलेल्या कापसाच्या गाठी. धोकादायक माल असलेल्या जहाजानं लाल निशाण लावायचा नियम होता. ते लावलेलं नव्हतं. लढाईचे दिवस, माल लढाईचा. दुपारी आग लागली, चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासानं दुसरा. शेकडो माणसं गेली, त्यांत मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान होते. लाल निशाणानं आग लागायची थांबली नसती. पण निशाण शत्रूसाठी नसतंच. जो मदतीला धावून येणार आहे त्याच्यासाठी असतं. आणि आग विझवायला आलेले जवान नोकरीतलेच होते.

इथे मला वाटलं की सूट हा शब्दच उलटा वाचला पाहिजे. 'सरकारी कर्मचाऱ्याला नियमातून सूट' असं ऐकलं की विशेषाधिकार वाटतो. पण पदार्थाचा नियम पहिल्यांदा त्या पदार्थाच्या शेजारी बसलेल्याचं रक्षण करतो. त्याला त्यातून सूट दिली म्हणजे त्याचं संरक्षण काढून घेतलं. सूट खात्याला मिळते आणि धोका व्रणोपचारकाला. वर्धा जिल्ह्यात पुलगावच्या दारूगोळा भांडाराजवळ नोव्हेंबर २०१८मध्ये जुनी स्फोटकं नष्ट करण्याच्या कामात स्फोट होऊन सहा जण गेले. त्यांत आसपासच्या गावांतले रोजंदारीवरचे मजूर होते. कुठला नियम पाळला गेला आणि कुठला नाही, याचा निवाडा मी करत नाही. पेटीच्या सर्वांत जवळ कोण उभं असतं, एवढंच पाहतोय.

आपल्याकडे हे फार पूर्वी कुणाला तरी कळलं होतं. शिवाजी महाराजांच्या कारकिर्दीत, १६७०च्या दशकात, चिपळूणजवळच्या छावणीतल्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना लिहिलेलं एक पत्र प्रसिद्ध आहे. रयतेला त्रास देऊ नका, हा त्यातला भाग आपण शाळेत ऐकतो. पण त्याच पत्रात गवताच्या गंजीजवळ आगट्या पेटवू नका, तंबाखू ओढू नका, रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल, असं बारकाव्यानं सांगितलंय. हे सरकारी माणसांना सरकारी मालाबद्दल लिहिलेले नियम आहेत. गवत सरकारचं, घोडे सरकारचे, माणसं सरकारची, तरी सूट नाही. उंदराला दिवा कुणाचा हे कळत नसतं.

आता तिसरा प्रकार, सांगण्याचा. यावर मला सर्वांत नेमकं वाक्य सापडलं ते अनपेक्षित जागी, १८८४च्या स्फोटक अधिनियमात. त्याचं कलम १४ सूट देणारं आहे. सशस्त्र दलं आणि त्यांच्या आस्थापना केंद्र सरकारच्या नियमांनुसार काम करत असतील, किंवा सरकारी कर्मचारी याच कायद्याच्या अंमलबजावणीसाठी स्फोटकं हाताळत असेल, तर हा कायदा लागू नाही. पण तिथे एक 'वगळून' आहे. कलम ८, ९ आणि ९-क वगळून. मी उत्सुकतेनं ती कलमं उघडली. ८वं अपघाताची सूचना देण्याचं, ९वं चौकशीचं, ९-क अधिक गंभीर अपघाताच्या चौकशीचं. लष्कराच्या ताब्यातल्या जागेत ती चौकशी लष्करी अधिकारीच करतात, हे खरं. तरी चौकशी होते. लष्करालाही बाकी सगळ्यातून सूट मिळेल, पण झालं ते सांगण्यातून नाही.

या दिवाळीत वसमतला गेलो. पप्पा आता निवृत्त आहेत. संध्याकाळी ओट्यावर बसलो असताना मी विचारलं, "पप्पा, तेव्हा लॉगबुकात काहून नाही लिहिलं?"

त्यांना कशाबद्दल विचारतोय ते लगेच कळलं. म्हणाले, "काय लिहू? पोरगं सरकारी गाडीत काहून होतं, हे पहिलं विचारलं असतं. नायट्रोजनचं नंतर."

"पण कुणीतरी विचारलं तर असतं."

"मलाच विचारलं असतं. साहेबाला नाही. नोटीस मला भेटली असती."

माझ्या तीन प्रकारांच्या मांडणीला हा धक्का होता. सांगण्याचं बंधन कागदावर सगळ्यांना सारखं असतं, पण त्याची किंमत सर्वांत खालच्याला पडते. पर्यावरण संरक्षण कायद्याच्या १७व्या कलमात सरकारी खात्याकडून उल्लंघन झालं तर खात्याच्या प्रमुखाला जबाबदार धरलंय. वाचायला बरं वाटतं. पण पुढेच पळवाट आहे: हे आपल्या नकळत झालं, असं त्यानं सिद्ध केलं तर तो सुटतो. आता साखळी जोडून पाहा. खालचा माणूस भीतीनं लिहीत नाही. लिहिलं नाही म्हणून वरच्याला कळत नाही. कळलं नाही म्हणून वरचा सुटतो. आणि जीप त्याच सुतळीनं बांधलेले जार घेऊन पुन्हा निघते. यात वाईट माणूस एकही नाही.

आमच्या ऑफिसात सर्व्हर अकरा मिनिटं बंद पडला तर दोन पानी अहवाल लिहावा लागतो. काय घडलं, केव्हा कळलं, पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार. त्यात कुणाच्या हातून चुकलं हे लिहायचं नाही, असा आमचा दंडक आहे, कारण नाव लिहायला लागलं की लोक अहवाल लिहिणं थांबवतात. मी असे कितीतरी अहवाल लिहिलेत. मी जीपमध्ये बेशुद्ध पडायच्या बेतात होतो, त्याचा एका ओळीचाही अहवाल कुठे नाही. हा लेख धरला तर हा पहिला.

परत आल्यावर मी ती ओळ काढली आणि तिच्या जागी तीन ओळी घातल्या. सरकारी गाडीला परवान्याची तपासणी नाही. चिन्ह, दाखला आणि केबिनमधला कागद मात्र सगळ्यांना सक्तीचा. आणि अपघात किंवा सांडलवंड झाली तर नोंद केल्याशिवाय फेरी बंद होणार नाही, गाडी कुणाचीही असो. मॅनेजर म्हणाले, ग्राहक वैतागेल. दोन दिवस घासाघीस झाली. दाखल्याची अट सरकारी गाड्यांसाठी सक्तीऐवजी फक्त पिवळ्या इशाऱ्यावर आली. अपघाताच्या नोंदीची सक्ती राहिली. मी मान्य केलं. दाखल्याच्या बाबतीत मी हरलोय, हे मला माहीत आहे.

फोनवर पप्पांना हे सगळं सांगितलं. त्यांच्या मधल्या बोटाचं नख अजून वाकडंच वाढतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "त्या नोंदीत ड्रायव्हरचं नाव येतं का?"

"येतं," मी म्हणालो. "आपोआप येतं."

"मग कोणी भरणार नाही," ते म्हणाले.

सध्या मी त्या रकान्यावर काम करतोय.